जनुकांची नोंदवही आणि कारणाचा शोध



कर्करोगासारख्या व्याधींत जनुकांच्या तपासणीचे अहवाल आता सर्वसामान्य कुटुंबांच्याही हाती येऊ लागले आहेत. अहवाल हाती पडताच ‘यात दोषी जनुक कोणते?’ हा प्रश्न ओघानेच येतो. प्रस्तुत लेखक वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे, वैद्यकाचा नव्हे. तथापि नोंदींवरून कारण शोधणे हे हिशेबाच्या शास्त्रालाही परके नाही. म्हणून हा अल्प प्रयत्न.

मानवी पेशीत प्रथिने घडविणारी सुमारे २०,००० जनुके असतात. यकृताच्या आणि मेंदूच्या पेशींत जनुकांचा संच एकच. फरक असतो तो कोणते जनुक किती प्रमाणात कार्यरत आहे याचा. कार्यरत जनुकाच्या आरएनए-रूपी प्रती निघतात. त्या प्रतींचे प्रमाण म्हणजे जनुकाची अभिव्यक्ती. काही जनुकांपासून बनणारी प्रथिने इतर जनुकांना चालू किंवा बंद करतात. अशा आज्ञांची जी गुंतागुंतीची वीण तयार होते, तिला जनुक-नियमनाचे जाळे म्हणतात. दुधातील साखर उपलब्ध नसताना ती पचविणारी जनुके जिवाणूमध्ये एका नियामकाकडून रोखून धरली जातात, हे पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधील फ्रान्स्वा जाकोब व जाक मोनो यांनी १९६१ साली विशद केले. १९६५ साली आंद्रे ल्वोफ यांच्यासमवेत त्यांना नोबेल पारितोषिक लाभले.

१९९५ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी मायक्रोअ‍ॅरे हे तंत्र प्रसिद्ध केले आणि अनेक जनुकांची अभिव्यक्ती एकाच वेळी मोजण्याची वाट खुली झाली. मग प्रश्न उभा राहिला : केवळ या मोजमापांवरून आज्ञा देणारा कोण आणि पाळणारा कोण, हे ओळखता येईल काय?

येथे दोन अडचणी आहेत. पहिली, नोंदींच्या संख्येची. २००० साली नीर फ्रीडमन व सहकाऱ्यांनी यीस्टच्या ज्या माहितीचा अभ्यास केला, तीत जनुके ६,१७७ आणि मोजमापे अवघी ७६ होती. ६,१७७ जनुकांच्या जोड्या सुमारे १ कोटी ९० लाख होतात. इतक्या जोड्यांत निव्वळ योगायोगाने जुळणाऱ्या जोड्याही पुष्कळ निघणार, हे उघड आहे.

दुसरी अडचण अधिक मूलभूत आहे. कोणत्याही रुग्णालयाची साठा-नोंदवही पाहावी. पावसाळ्यात जुलाबावरील क्षार-संजीवनीची पाकिटे आणि मलेरियाच्या रक्ततपासणीच्या काचपट्ट्या, दोहोंचा खप एकदमच वाढतो. म्हणून पाकिटांमुळे काचपट्ट्या खपल्या, असे कोणी म्हणणार नाही. दोहोंच्या मागे पाऊस आहे. जनुकांचेही तसेच. दोन जनुके एकत्र चढली, म्हणजे एकाने दुसऱ्यास चढविले असे सिद्ध होत नाही.

यावर संशोधकांनी उपाय योजले. तिसऱ्याच्या मध्यस्थीने जुळलेले संबंध गणिताने वगळणे, बदलांचा कालक्रम पाहणे, आणि सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे एखादे जनुक मुद्दाम बंद करून परिणाम तपासणे. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ड्रीम’ या आंतरराष्ट्रीय उपक्रमात तीसहून अधिक पद्धतींची तुलना झाली. कोणतीही एक पद्धत सर्वत्र श्रेष्ठ ठरली नाही. अनेकांचा एकत्रित कौल अधिक भरवशाचा ठरला. त्या आधारे ई. कोलाय जिवाणूतील पूर्वी अज्ञात असलेले ५३ संबंध प्रयोगाने तपासले असता २३ संबंधांना पुष्टी मिळाली. हे यश मोठेच आहे; परंतु उरलेल्या ३० संबंधांना पुष्टी मिळाली नाही, हेही जमाखर्चात मांडलेच पाहिजे. यीस्टसारख्या अधिक गुंतागुंतीच्या पेशीत तर या पद्धतींचे यश बरेच कमी पडले.

मग ही मोजमापे निरुपयोगी आहेत काय? मुळीच नाही. भाकीत करणे आणि कारण जाणणे यांत भेद आहे. स्तनाच्या कर्करोगात २१ जनुकांच्या अभिव्यक्तीवरून आजार उलटण्याचा धोका अजमावणारी चाचणी आहे. १०,००० हून अधिक स्त्रियांच्या सहभागाने झालेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासामुळे, विशिष्ट प्रकारच्या प्रारंभिक आजारात केमोथेरपी कोणास टाळता येईल, हे ठरविण्यास मोठी मदत झाली. त्यासाठी जनुकांतील आज्ञाधारक कोण, हे माहीत असण्याची गरज पडली नाही. औषधाचे लक्ष्य निवडताना मात्र ती गरज पडते. तेथे केवळ सोबत चढलेले जनुक रोखून व्याधी हटेलच असे नाही.

म्हणून आप्तेष्टांनी अहवाल हाती घेऊन डॉक्टरांना दोन प्रश्न अवश्य विचारावेत. ही चाचणी पुढील धोका सांगते, की उपचाराचे लक्ष्य? आणि आमच्या रुग्णासारख्या रुग्णांवर तिची पडताळणी झाली आहे काय?

देणगीदारांस एवढीच विनंती, की यंत्रसामग्रीइतकेच नोंदींचेही मोल जाणावे. रुग्णाच्या संमतीने नीट जतन केलेला ऊतीचा नमुना आणि त्यासोबत निदान, उपचार व परिणाम यांची अचूक नोंद यांवरच असे अभ्यास उभे राहतात. प्रामाणिक नोंदी जितक्या वाढतील, तितका योगायोगाचा वाटा घटेल.