संत्र्याची कोळशी आणि बागाईतदारांची समिती

विदर्भात वरुड, मोर्शी, काटोल व नरखेड या भागांत संत्र्याच्या बागा एकमेकींस लागून आहेत. बागांची मालकी बांधाने विभागली जाते. किडीला मात्र बांध ठाऊक नसतो.

काळी माशी हे याचे उत्तम उदाहरण होय. तिची मादी कोवळ्या पानांच्या मागील बाजूस चक्राकार अंडी घालते. पिले पानांतील रस शोषतात व गोड, चिकट द्रव टाकतात. त्यावर काळी बुरशी वाढते आणि पाने व फळे काजळी धरल्यासारखी दिसतात. म्हणून शेतकरी या विकारास कोळशी म्हणतात. झाड दुर्बल होते व बहर घटतो.

आंबिया, मृग आणि हस्त या तिन्ही बहरांच्या पालवीवर माशीची नवी पिढी पोसते. अंडी फुटून पिले लहान असतात, तेव्हाच उपाय लागू पडतो. एकाने वेळेवर फवारणी केली आणि शेजाऱ्याने ती केलीच नाही, तर त्या बागेतील माश्या पहिल्या बागेत येतात व पहिल्याचा खर्च वाया जातो. लहान शेतकऱ्यास असा दुहेरी खर्च झेपत नाही.

उलट, अवेळी मारलेले विष मित्रकीटकांचाही नाश करते. १९४९-५० मध्ये भारत व पाकिस्तानातून मेक्सिकोत नेलेल्या चिमुकल्या परोपजीवी गांधीलमाश्यांनी तेथील काळ्या माशीस आवर घातला. अशा कीटकांच्या अभ्यासासाठी १९५७ साली बंगळूर येथे राष्ट्रकुल जैविक नियंत्रण संस्थेचे केंद्र निघाले. आज तेथे राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्यूरो कार्य करीत आहे.

तेव्हा फवारणी करावी की नाही, केव्हा आणि कशाने, हे साऱ्या शिवाराने मिळून ठरविणे इष्ट होय. कॅलिफोर्नियातील फिलमोरच्या बागाईतदारांनी १९२२ साली असे संरक्षक मंडळ स्थापिले व सामायिक खर्चाने मित्रकीटकांची पैदास चालविली.

आपल्या गावच्या समितीने तीन कामे करावीत. प्रत्येक बागेतील ठराविक झाडांची पाने नियमितपणे तपासावीत. निरीक्षणे नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेतील अथवा कृषी विभागातील तज्ज्ञांपुढे ठेवून फवारणीचा दिवस ठरवावा. ज्याच्याजवळ पंप नाही, त्यास तो मिळवून द्यावा. शास्त्रज्ञ कीड ओळखून देईल. परंतु शंका घेणाऱ्या शेजाऱ्यास विश्वासात घेणे, हे गावातील माणसांनाच साधते.