शूनेमची लहानशी खोली
शास्त्रपाठ : २ राजे ४:८-११

जबलपूर शहरात रिछाई नावाचे औद्योगिक क्षेत्र आहे. अशा कारखान्यांत रात्रपाळी करणारा माणूस सकाळी घरी येऊन अंथरुणाला पाठ टेकतो, तेव्हा इतरांचा दिवस सुरू झालेला असतो. कुकरच्या शिट्ट्या, मुलांची शाळेची घाई, दारावरची घंटा आणि उन्हाळ्यात तापलेले छप्पर! त्याची झोप राखायची कोणी? या प्रश्नापाशी मला शूनेमकरणीची आठवण होते.

अलीशा संदेष्टा तिच्या गावावरून वारंवार जाई. तो देवाचा पवित्र पुरुष आहे, हे तिने ओळखले आणि पतीशी बोलून त्याच्यासाठी माडीवर लहानशी खोली करवली. मूळ इब्री पाठात खोलीसाठी ‘अलियत-कीर’ असे शब्द आहेत. ‘कीर’ म्हणजे भिंत. खोलीत तिने खाट, मेज, आसन व दिवा ठेवला. आसनासाठी आलेला ‘किस्से’ हा शब्द राजाच्या सिंहासनासाठीही येतो आणि दिव्यासाठीचा ‘मनोरा’ निवासमंडपातील दीपवृक्षासाठीही. भाषांतर करताना येथे साधेच शब्द योजावे लागतात. पण थकलेल्याची सोय हे हलके काम नव्हे, असे मला त्या शब्दांपाशी नेहमी वाटते. या खोलीतून आपण चार गोष्टी शिकू या.

१. भिंत : झोपेला आडोसा हवा. आपल्या देशातील २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबल व दिवसा ५५ डेसिबल अशी मर्यादा आहे. परंतु रात्रपाळीवाल्याची ‘रात्र’ दिवसा येते. तिला कायद्याची भिंत नाही. ती भिंत घरच्यांनीच व्हावे. घंटा बंद ठेवावी, मोबाईल दुसरीकडे न्यावा, शेजाऱ्यांना त्याच्या निजण्याची वेळ सांगून ठेवावी.

२. दिवा : तो लावण्याइतकेच विझवण्यालाही महत्त्व आहे. डोळ्यांतील काही पेशी उजेडाची वर्दी मेंदूतील घड्याळाला देतात. मग झोपेची चाहूल देणारा मेलाटोनिन हा स्राव दबतो. म्हणून दिवसा निजणाऱ्याच्या खिडकीला जाड, गडद पडदा लावावा. रात्री निजणाऱ्यांनीही उशाशी मोबाईल उजळत ठेवू नये.

३. खाट : झोप लागताना शरीराचे तापमान थोडे उतरते, तापलेल्या खोलीत ते उतरणे कठीण जाते. सकाळच्या गारव्यात खिडक्या उघडाव्यात, ऊन चढताच पडदे ओढावेत. कूलर असेल तर हवा बाहेर पडायला वाट ठेवावी. सुती चादर व मच्छरदाणी एवढी तयारी पुष्कळ झाली.

४. मेज : कामाची जागा निराळी असावी. हिशेब, अभ्यास, वादविवाद खाटेवर आणू नयेत. घर एकाच खोलीचे असेल, तर पडद्याने वेगळा केलेला एक कोपराही चालेल.

एवढे करूनही आठवडेच्या आठवडे झोप येत नसेल, तर डॉक्टरांना भेटावे. त्यात विश्वासाची उणीव नाही.

दुसऱ्याच्या झोपेविषयी देवाला किती आस्था आहे, हे निर्गम २२:२६-२७ मध्ये दिसते. गरिबाचे गहाण ठेवलेले पांघरूण सूर्यास्तापूर्वी परत करावे, अशी आज्ञा आहे. कारण त्यावाचून तो निजणार कशात? आणि त्याने आरोळी केली, तर देव ती ऐकणार आहे. मग आपल्या प्रार्थनासभेचा ध्वनिक्षेपक जर शेजारच्या श्रमिकाची झोप हिरावत असेल, तर आपणही त्याचे पांघरूणच अडकवून ठेवलेले नाही का?

स्तोत्र १२७:२ चे भाषांतर दोन प्रकारे होऊ शकते : देव आपल्या प्रियजनांना झोप देतो, किंवा ते झोपेत असताना देतो. दोन्ही अर्थांत देणारा देवच आहे. झोप देणे त्याच्या हाती. खोली सिद्ध करणे मात्र त्याने आपल्या हाती ठेवले आहे.

मननासाठी :
१. आपल्या घरात कोणाची झोप सर्वांत कमी जपली जाते?
२. या आठवड्यात त्या व्यक्तीसाठी मी कोणता आवाज किंवा उजेड कमी करीन?