उष्ण कोब्यावर आडभिंत उभारताना

अमेरिकेतील मिनेसोटासारख्या प्रांतात, जेथे पौष-माघात पारा शून्याखाली वीस-पंचवीस अंश सेल्सिअस उतरला तरी कोणास नवल वाटत नाही, तेथे कार्यशाळेचा कोबा केवळ पाय टेकण्यापुरता नसतो. त्याच्या उदरात गाडलेल्या प्लॅस्टिकच्या नळ्यांतून ऊन पाणी अहोरात्र फिरत असते आणि साऱ्या वास्तूची ऊब त्यावरच अवलंबून असते. ही कल्पना फार पुरातन आहे. रोमन लोक जमिनीखालच्या पोकळीतून भट्टीची उष्ण हवा खेळवीत, कोरियातील ओंडोल त्याच तत्त्वावर चालते, आणि फ्रँक लॉइड राइट यांनी १९३७ च्या सुमारास मॅडिसन येथे बांधलेल्या जेकब्स यांच्या घरातही काँक्रीटखाली तापनळ घातले होते. मात्र अशा जमिनीत खिळा ठोकण्याचा अधिकार कोणास आणि कोठे आहे, याचा विचार झाला नाही तर काय घडते, हे मी आमच्या सुतारकामाच्या सामाईक शाळेत प्रत्यक्ष पाहिले आहे.

रंधाकामाची धूळ रंगकामापासून वेगळी राहावी म्हणून आम्ही मध्ये एक आडभिंत घालण्याचे ठरविले. ठेका घेतलेल्या कारागिराने नळ्यांचा नकाशा मागितला; पण इमारतीच्या पूर्वीच्या मालकाने हस्तांतराच्या वेळी तो दस्तऐवज दिलेलाच नव्हता. नळ्या कोब्याच्या तळाशीच असणार, असे गृहीत धरून त्याने भिंतीची तळपट्टी लांब स्क्रूंनी आवळली. पाणी तत्काळ उसळले असते तर बरे झाले असते. परंतु नळीत शिरलेला स्क्रू काही काळ स्वतःच छिद्र बुजवून बसतो, आणि पुढे उष्णतेने नळी सैलावली म्हणजे हळूहळू गळती सुरू होते. दाबमापकाचा काटा खाली येऊ लागला तेव्हा भिंतीला रंगही देऊन झाला होता. भिंत उतरवून, कोबा छिन्नीने फोडून, कापलेल्या नळीला पितळी जोड द्यावा लागला, आणि ऐन हिवाळ्यात शाळा बंद राहिली.

अशा प्रसंगी प्रथम विचारावे ते हे की, भिंत जमिनीकडून नेमके काय मागते? जी आडभिंत छपराचा भार वाहत नाही, तिला स्थैर्य मुख्यत्वे वरच्या तुळयांकडून आणि दोन्ही टोकांच्या पक्क्या भिंतींकडून मिळते; तळपट्टीने बाजूला सरकू नये, एवढीच अपेक्षा जमिनीकडून उरते. तेवढ्यासाठी पॉलियुरेथेनचे बांधकामी चिकटद्रव्य बहुधा पुरेसे होते. मात्र कोब्यावरील सीलरचा थर घासून काढावा, धूळ टिपून घ्यावी, आणि चिकटद्रव्य सुकेपर्यंत तापन बंद ठेवावे. तळपट्टी ओलीने न कुजणाऱ्या, प्रक्रिया केलेल्या लाकडाची असावी. दाराच्या चौकटीपाशी मात्र धक्के बसतात, म्हणून तेथे खिळ्यांची गरज खरोखरच पडते.

खिळा मारणे अपरिहार्य असेल तेथे नळी कोठे आहे हे डोळ्यांनी पाहिल्यावाचून ड्रिल हाती घेऊ नये. नळ्यांमधील अंतर सामान्यतः नऊ ते बारा इंच असते, पण वळणांपाशी आणि मॅनिफोल्डजवळ, म्हणजे सर्व नळ्यांना पाणी वाटून देणाऱ्या जोडाजवळ, त्या दाटीने येतात. खोलीचा तर्क सर्वांत फसवा. कारण काँक्रीट ओतताना लोखंडी जाळी वर उचलली गेली की तिला बांधलेली नळीही पृष्ठभागाजवळ येते. यास्तव जमीन पूर्ण थंड होऊ द्यावी, मग एकाएकी ऊन पाणी सोडावे आणि पहिल्या तासाभरातच थर्मल कॅमेऱ्याने पाहावे. उष्णता सर्वत्र पसरली की चित्र पुसट होते. कॅमेरा नसेल तर जमीन एकसारखी ओली करावी. जेथे ती आधी वाळते, तेथे खाली नळी असते. खडूने रेषा आखून दोन रेषांच्या बरोबर मध्यावरच छिद्र पाडावे, ड्रिलला खोलीची मर्यादा देणारा अडसर लावावा, आणि काम चालू असता एकाने दाबमापकावर नजर ठेवावी. बारुदी खिळेबंदूक तर अशा जमिनीवर आणूच नये.

आणि जे नवा कोबा घालीत आहेत त्यांस माझी आग्रहाची विनंती आहे: काँक्रीट ओतण्यापूर्वी भिंतींच्या जागा ठरवून तेथून नळ्या वगळा, मोजपट्टी शेजारी ठेवून प्रत्येक भागाची छायाचित्रे घ्या, अंतरे लिहिलेला नकाशा मॅनिफोल्डच्या पेटीत लावा, आणि इमारत दुसऱ्याच्या स्वाधीन करताना किल्ल्यांबरोबर त्याची नक्कलही द्या. जमिनीत काय गाडले आहे हे ज्यास ठाऊक आहे, त्याने ते पुढच्या माणसास लेखी कळविणे हा त्या बांधकामाचाच अखेरचा भाग आहे. तो अपुरा ठेवून कोणीही आपले काम पुरे झाले असे समजू नये.