जैसलमेर शहर व त्याचें पाणी

माण, आटपाडी, जत ह्या आमच्याकडील कोरड्या तालुक्यांत वर्षास वीस इंचांच्या आसपास पाऊस पडतो. तो दहा इंचांवर थांबला कीं जनावरें बाजारास निघतात आणि टँकरची वाट पाहणें सुरू होतें. राजस्थानांतील जैसलमेर येथें सरासरी पाऊसच सहा ते आठ इंच आहे. तोही पावसाळ्यांतील थोड्या दिवसांत पडून जातो, आणि उघड्या पाण्याची वाफ मात्र वर्षांत सहा फुटांहून अधिक होते. बारमाही नदी जवळ नाहीं. भूगर्भांतील पाणी खोल असून पुष्कळ ठिकाणीं खारें आहे. असें असतां सन ११५६ मध्यें भाटी राजा रावल जैसल ह्यानें त्रिकूट नांवाच्या टेकडीवर जें शहर वसविलें, तें अद्याप नांदतें आहे. २०११ च्या शिरगणतींत तेथें पासष्ट हजारांवर वस्ती होती. हें कसें साधलें, आणि अलीकडे त्यांत बिघाड कोठें झाला, ह्याचा विचार आमच्या वाचकांपुढें ठेवावा असें आम्हांस वाटतें. कारण ह्या शहराची व्यवस्था मुळांत शेतकऱ्याच्या हिशेबावरच उभारलेली आहे.

प्रथम बांधणी पाहूं. तेथें ऊन अडविणें हेंही पाणी वांचविण्यासारखेंच समजलें गेलें. गल्ल्या अरुंद व वळणांच्या ठेविल्यामुळें एका घराची सावली समोरच्या घरावर पडते आणि लू म्हणून जो तप्त वारा वाहतो तो सरळ आंत शिरत नाहीं. भिंती जाड पिवळ्या दगडाच्या आहेत. पुष्कळ जुन्या कामांत घडीव दगड खांचा पाडून किंवा लोखंडी पट्ट्यांनीं एकमेकांत अडकविलेले आढळतात. चुना मळावयास जें पाणी लागतें तें ह्या रीतीनें वांचलें. छपरें लांकडी तुळयांचीं असून त्यांवर मातीचा जाड थर असतो. हवेल्यांच्या नक्षीदार जाळ्या प्रवासी लोक शोभा म्हणून पाहतात. घरांत राहणाऱ्यास त्यांचा उपयोग वारा आंत घेणें व ऊन बाहेर ठेवणें हा आहे. टेकडीवरील किल्ल्यांत पावसाचें पाणी क्षणभरही मुरूं नये म्हणून घुटनाली नांवाच्या नाळी काढून तें तटाबाहेर सोडलेलें होतें. जेथें थेंबाथेंबास मोल, तेथेंच टेकडीवरील पाणी बाहेर घालविण्याची एवढी घाई कां, ह्याचा उलगडा पुढें होईल.

शहराचें मुख्य पाणी टेकडीच्या खालीं, गडीसर तळ्यांत. रावल गडसी ह्यानें तें चौदाव्या शतकांत बांधविलें. ह्या तळ्यास झरा नाहीं; सभोंवतालच्या खडकाळ माळावर पडलेला पाऊसच त्यांत उतरतो. त्या माळास तिकडे आगोर म्हणतात, आणि तळ्याइतकीच निगा आगोराची राखीत. तेथें घाण करावयाची नाहीं, गुरें बसवावयाचीं नाहींत, असा कडक रिवाज असे. तळें भरलें म्हणजे सांडव्याचें पाणी वायां न जातां खालच्या तळ्यांत, आणि त्यांतून त्याच्याही खालच्या तळ्यांत जाई. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शहर ह्याच पाण्यावर राहिलें. जागीं पाणी पाहिल्यावांचून गड बांधूं नये असें रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत आमच्या लोकांस बजाविलेलें आहे. जैसलमेरकरांनीं पाणी नसलेल्या जागीं गड बांधला खरा, परंतु पाणी कोठून उतरेल हें पाहूनच शहर मांडलें.

त्या मुलुखांत पाण्याचे तीन प्रकार मानतात. आकाशांतून पडलेलें व तळ्यांत किंवा टांक्यांत सांठविलेलें तें पालर पाणी. खोल विहिरीचें तें पाताळ पाणी. आणि ह्या दोहोंमधलें तें रेजानी पाणी. हें तिसरें आमच्याकडे सहसा ठाऊक नाहीं. वाळूच्या खालीं कांहीं ठिकाणीं जिप्समचा एक घट्ट थर असतो. वाळूंत मुरलेला पाऊस ह्या थरावर अडतो, खालच्या खाऱ्या पाण्यांत मिसळत नाहीं, आणि वाळूंत ओल होऊन राहतो. ही ओल थेंबाथेंबानें गोळा करण्यासाठीं अत्यंत अरुंद अशी कुंई खोदतात. तिचें तोंड लहान ठेवण्याचें कारण असें कीं, पाझरणारें पाणी थोडें असतें. रुंद विहिरींत तें तळाशीं पसरून घागर बुडण्याइतकेंही उभें राहणार नाहीं, आणि वाफ होईल ती वेगळीच. एका कुंईंतून दिवसास दोन-तीन घागरी पाणी मिळतें. कुंई एका घराची असली तरी ती ज्या जमिनींत असते ती गांवाची असते, आणि नवी कुंई खोदावयास गांवाची संमति लागते. कारण नव्या तोंडानें नवें पाणी येत नाहीं, जुन्याच ओलीची वांटणी होते. आमच्याकडे एका शिवारांत शेजाऱ्याच्या विंधनविहिरीपेक्षां आपली शंभर फूट खोल नेण्याची जी चढाओढ चालते, ती पाहतां हा वाळवंटांतील कायदा आम्हांस अधिक शहाणपणाचा दिसतो.

आतां खडीन. शहरास धान्य कोठून मिळालें ह्याचें उत्तर खडीनांत आहे, सबब त्याचें वर्णन थोडें विस्तारानें करणें जरूर आहे. ही पद्धति पालीवाल ब्राह्मणांनीं त्या भागांत पंधराव्या शतकाच्या सुमारास चालू केली असें मानतात. खडकाळ चढाच्या पायथ्याशीं जेथें सखल व खोल मातीची जागा असेल, तेथें उताराच्या खालच्या बाजूस मातीचा लांब बांध घालतात. चढावरचें पाणी वाहून येतें व बांधाआड पसरतें. जास्त झालेलें पाणी दगडी सांडव्यावरून जातें. बांधाच्या तळाशीं एक मोरी असते. पाणी पावसाळाभर उभें राहून जमिनींत मुरतें, गाळ तेथेंच बसतो, आणि साचलेले क्षार पाण्याबरोबर खालीं उतरतात. कार्तिकाच्या सुमारास उरलेलें पाणी मोरीनें सोडून देतात, जमिनीस वापसा आला कीं नांगर घालून गहूं किंवा हरभरा पेरतात, आणि पुढें एकही पाणी न देतां पीक काढतात. सहा-आठ इंचांच्या मुलुखांत गव्हाचें पीक हें ऐकून आमच्या वाचकांस आश्चर्य वाटेल, परंतु हिशेब मांडून पाहिल्यास त्यांत चमत्कार कांहीं नाहीं.

खडीनाच्या एका एकरामागें बारा एकर खडकाळ चढ आहे असें धरूं. प्रत्यक्षांत हें प्रमाण अकरा ते पंधरापर्यंत असतें. पाऊस सहा इंच पडला व चढावरून त्याचा पांचवा हिस्सा वाहून आला, तर दर एकरी सव्वा इंचास थोडें कमी, म्हणजे बारा एकरांचें मिळून सुमारें साडेचौदा इंच पाणी त्या एका एकरावर आलें. त्याचे स्वतःचे सहा इंच मिळविले म्हणजे वीस इंच भरतात. माण तालुक्याचा सगळा पाऊस त्या एका एकरानें पोटांत घेतला! बारा एकर पडीक ठेवून एक एकर पिकविला, हें त्याचें खरें मोल होय. तो चढ कोणी नांगरला, त्यावर घरें उठविलीं किंवा वाट काढली, तर खालचें शेत सुकतें. म्हणून खडीनांत बांधापेक्षां चढाची राखण अवघड.

आमच्याकडील ताली व बांध ह्यांशीं खडीनाचें साम्य आहे, तसाच भेदही आहे. ताल आपल्याच शेतांतला पाऊस व माती धरून ठेवते. खडीन दुसरीकडचा पाऊस शेतांत आणतो. आमच्या गांवांत बारा एकर चढ मोकळा सांपडणें अशक्य, हें आम्ही जाणतों. परंतु तेवढा लागतही नाहीं. वीस इंच पावसांत पांचवा हिस्सा वाहिला तर दर एकरी चार इंच पाणी येतें. म्हणजे डोंगराकडेच्या शेताच्या दर एकरामागें एक एकर उताराचें पाणी सांडव्यासह शेतांत घेतां आलें, तर रब्बीच्या ज्वारीस एका चांगल्या परतीच्या पावसाइतकी ओल अधिक मिळाली. मात्र जमीन खोल हवी; वीतभर मातीखालीं मुरूम असेल तर हें पाणी फळणार नाहीं, उलट बांध फुटून आहे ती माती जाईल.

पालीवालांनीं एकोणिसाव्या शतकांत कुलधरा व आसपासचीं गांवें सोडलीं. दिवाण सालमसिंगाच्या जुलमामुळें तीं एका रात्रींत ओस पडलीं असें तेथें सांगतात. पाणी आटल्यामुळें लोक हळूहळू गेले असाही अभ्यासकांचा एक तर्क आहे. गांवें गेलीं तरी अनेक खडीन मागें राहिले व आजही पिकतात.

आतां बिघाडाकडे वळूं. पंजाबांतील हरिके येथून निघणाऱ्या राजस्थान कालव्याचें काम १९५८ मध्यें सुरू झालें; १९८४ मध्यें त्यास इंदिरा गांधी ह्यांचें नांव मिळालें, आणि १ जानेवारी १९८७ रोजीं जैसलमेर जिल्ह्यांतील मोहनगडापर्यंत पाणी येऊन सुमारें साडेसहाशे किलोमीटरांचा तो कालवा पुरा झाला. ह्या कालव्यानें लाखो लोकांची तहान भागली व मोठें क्षेत्र ओलिताखालीं आलें, हें कोणीही नाकारणार नाहीं. डोक्यावर घागरी घेऊन मैलोगणती चालणाऱ्या स्त्रियांपुढें जुन्या तळ्यांचे पोवाडे गाणें आम्हांस शोभणार नाहीं. परंतु ज्या घट्ट थरानें कुंईंत गोडें पाणी अडविलें, तशाच थरांनीं कालव्याच्या वरच्या टप्प्यांत हनुमानगडाकडे जादा पाणीही अडविलें, आणि शेतें उपळून चिबड झालीं. जमीन तीच व तिचा गुणही तोच. पाण्याचें माप मात्र बदललें.

शहराच्या किल्ल्याचेंही असेंच झालें. त्रिकूट टेकडी अखंड कातळाची नाहीं. तींत वाळूच्या दगडाबरोबर ओलाव्यानें मऊ पडणारे मातकट थर आहेत. म्हणूनच जुन्या लोकांनीं तेथें पाणी मुरूं न देण्याची एवढी दक्षता घेतली होती. खालून घागरीनें आणलेलें पाणी माणूस जपून वापरतो. सांडपाणी जेमतेम निघे, तें उघड्या गटारांत वाळून जाई. पुढें किल्ल्यावर नळ आले, प्रवाशांसाठीं निवासगृहें झालीं, पाण्याचे संडास झाले. आणि तें पाणी बाहेर नेण्याची सोय त्या मानानें झाली नाहीं. गळणारें पाणी टेकडीच्या पोटांत उतरूं लागलें. बुरूज खचले, घरें पडलीं. १९९६ सालीं जगांतील धोक्यांतील वास्तूंच्या यादींत ह्या किल्ल्याचें नांव आलें. २०१३ मध्यें तो राजस्थानांतील इतर डोंगरी किल्ल्यांबरोबर जागतिक वारशांत गणला गेला, तरी ऑगस्ट २०२४ मध्यें पावसांत तटाच्या भिंतीचा एक भाग कोसळलाच. पाण्याच्या टंचाईंत आठ शतकें उभी राहिलेली टेकडी पाण्याच्या सुकाळांत खचते आहे. ह्यांत नळाचा दोष नाहीं. नळ आणणाऱ्यानें त्याच वेळीं सांडपाण्याची नाळी आणली नाहीं, हा दोष आहे. आणि तो जैसलमेरांतच घडतो असें नाहीं. आमच्या कित्येक गांवांत नळयोजना झाल्यापासून आळींत चिखल व आडांत दुर्गंधि झालेली आम्ही पाहिली आहे.

२८ डिसेंबर २०२४ रोजीं मोहनगडाजवळ एका शेतांत विंधनविहीर घेत असतां सुमारें साडेआठशे फुटांवर पाणी एकाएकीं जोरानें उसळलें, यंत्र गाडीसकट जमिनींत गडप झालें, आणि सुमारें दोन दिवस तो लोंढा वाहत राहिला. कित्येकांनीं त्यास सरस्वती नदी म्हटलें. भूजलतज्ज्ञांनीं तें खोल दाबाखालचें, खारट पाणी असल्याचें सांगितलें. ज्या शेतकऱ्यानें पिकासाठीं खर्च केला त्याचें उभें शेत मात्र वाहून गेलें.

शेवटीं टांक्याविषयीं, कारण ही वस्तु आमच्या वाचकांस आपल्या दारीं करतां येण्यासारखी आहे. टांकें म्हणजे अंगणांत खोदलेला, चुन्यानें किंवा सिमेंटानें लिंपलेला गोल हौद. दहा फूट व्यासाचें व बारा फूट खोल टांकें घेतलें तर त्यांत सुमारें ९४० घनफूट, म्हणजे साडेसव्वीस हजार लिटर पाणी राहतें. घरांत सहा माणसें असून पिण्यास व रांधण्यास माणशीं दहा लिटर लागले, तर वर्षास बावीस हजार लिटर पुरतात. जैसलमेरांत सहा इंच पावसावर, पडलेल्यापैकीं पांचांत चार हिस्से हातीं लागतात असें धरून, तें भरावयास छप्पर व फरसबंद अंगण मिळून चोवीसशे चौरस फूट जागा लागते. आमच्या वीस इंचांच्या तालुक्यांत सातशे चौरस फुटांचें पत्र्याचें छप्पर बस्स आहे; तेवढें बहुतेक वाचकांच्या गोठ्यावरच निघेल, मात्र पिण्यासाठीं घरावरचेंच घ्यावें. मृगाचा पहिला पाऊस छप्पर धुण्यापुरता बाहेर सोडावा व मगच पन्हळाचें तोंड टांक्याकडे फिरवावें. तोंडास जाळी बसवावी, झांकण घट्ट असावें, उजेड आंत जाऊं देऊं नये, नाहींतर शेवाळ धरतें. खतखड्डा व संडास ह्यांपासून टांकें दूर व चढाच्या बाजूस घ्यावें. वैशाखांत तळ उघडा पडल्यावर माणसास आंत उतरवून भेगा लिंपून घ्याव्या. उतरण्यापूर्वीं झांकण एक दिवस उघडें ठेवावें आणि वर दुसरा माणूस दोर धरून उभा असावा.