डोकं दुखतं आणि डोळा वळत नाही

आईबाबांनो, मूल दोन-तीन दिवस डोकं दुखतंय म्हणून कुरकुरतं, उलट्या करतं आणि मग एका सकाळी त्याची एक पापणी खाली आलेली दिसते. बोटानं पापणी उचलून पाहावं, तर बुबुळ बाहेरच्या बाजूला आणि जरासं खाली सरकलेलं. ते नाकाकडे किंवा वर वळत नाही, कधीकधी बाहुलीही दुसऱ्या डोळ्यापेक्षा मोठी असते. मूल सांगतं, सगळं दोन-दोन दिसतंय. भेटायला आलेलं कुणीतरी ‘लकवा मारला की काय’ म्हणून जातं आणि घरातल्यांचा उरलासुरला धीरही सुटतो.

हे कशामुळे होतं, हा तुमचा पहिला प्रश्न असतो. त्याचं उत्तर दोन टप्प्यांत द्यावं लागतं आणि पहिला टप्पा कितीही नकोसा वाटला तरी गाळता येत नाही.

असं पहिल्यांदा होतं तेव्हा त्याला अर्धशिशी म्हणायचंच नाही. त्याच दिवशी, एमआरआयची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयात मुलाला न्यायचं. डोळा हलवणाऱ्या मज्जातंतूंवर दाब येण्याची किंवा त्यांना सूज येण्याची इतर कारणं बरीच आहेत आणि त्यांतल्या काहींत थांबून चालत नाही. आपल्याकडे क्षयाचा मेंदूज्वर आधी मनात आणावा लागतो: बरेच दिवस रेंगाळणारा ताप, भूक मेलेली, वजन घटलेलं, मूल चिडचिडं किंवा सुस्त, आणि मग डोळा तिरळा. मेंदूतली गाठ, डोक्यातला वाढलेला दाब, रक्तवाहिनीला आलेला फुगा (मुलांत हा विरळाच), डोळ्याच्या खोबणीमागच्या भागाची सूज, हेही तपासून बाजूला ठेवावं लागतं. पापणी सकाळी बरी आणि संध्याकाळी पडलेली, दुखणं मात्र काहीच नाही, असं असेल तर डॉक्टर स्नायूंच्या थकव्याच्या वेगळ्या आजाराचा विचार करतात. म्हणून रक्त तपासतात, एमआरआय करतात आणि गरज वाटली तर पाठीतून पाणीही काढतात. ‘एवढ्याशा पोराला इतक्या तपासण्या कशाला?’ असं मनात येणं साहजिक आहे. पण या तपासण्या टाळून कोणी ‘मायग्रेन आहे, होईल बरं’ म्हणालं, तर तुम्ही आग्रहानं दुसरं मत घ्या.

यांतलं काहीच सापडलं नाही, आणि काही महिन्यांनी किंवा वर्षांनी त्याच बाजूला डोकं दुखून पुन्हा तसंच झालं, की मग एका दुर्मीळ आजाराचं नाव पुढे येतं. निदानासाठी किमान दोन झटके लागतात. परदेशातल्या एका अंदाजानुसार दहा लाख लोकसंख्येमागे वर्षाला एकही नवा रुग्ण भरत नाही. पहिला झटका बहुधा दहा वर्षांच्या आत येतो, क्वचित तान्ह्या बाळालाही. त्याला डोकं दुखतंय हे सांगता येत नाही, ते फक्त रडतं आणि ओकतं.

फ्रान्समधले मोठे मज्जातज्ज्ञ शार्को यांनी १८९० साली याला डोळ्याच्या पक्षाघाताची अर्धशिशी म्हटलं आणि शंभराहून अधिक वर्षं ते नाव टिकलं. २००४ मध्ये डोकेदुखीच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणानं हा आजार अर्धशिशीच्या घरातून काढून मज्जातंतूंच्या दुखण्यात नेला. २०१३ मध्ये नावही बदललं: वारंवार होणारा, वेदनेसह डोळ्याचे स्नायू लुळे पाडणारा मज्जातंतूविकार. तुमच्या फायलीत एका डॉक्टरांनी जुनं आणि दुसऱ्यांनी नवं नाव लिहिलं असेल, तर निदानाचा घोळ झाला असं समजू नका.

ही हलवाहलव झाली ती एमआरआयमुळे. शिरेतून औषध देऊन एमआरआय केला, तर पुष्कळ मुलांमध्ये डोळा हलवणारा तिसरा मज्जातंतू मेंदूतून बाहेर पडतो तिथेच जाड झालेला आणि चमकताना दिसतो. काही आठवड्यांनी पुन्हा पाहिलं तर ती चमक ओसरलेली असते. नेहमीची अर्धशिशी काही तासांत, फार तर दोन-तीन दिवसांत आवरते. इथे मात्र दुखणं सुरू झाल्यावर काही दिवसांनी, कधी दोन आठवड्यांनी डोळा अडतो आणि मोकळा व्हायला आठवडे लागतात. म्हणून एका मतानुसार मूळ बिघाड त्या मज्जातंतूतच आहे. विजेच्या तारेवर प्लास्टिक असतं तसं मज्जातंतूवर एक वेष्टन असतं. त्याला वारंवार सूज येते, ते झिजतं, पुन्हा भरून येतं. कधीकधी एखाद्या विषाणूजन्य तापानंतर असं होतं.

दुसरं मत अर्धशिशीला इतक्या सहज सोडत नाही, आणि मलाही ते पटतं. यांतल्या कितीतरी मुलांना किंवा त्यांच्या आईला, मावशीला, आजोबांना खरीखुरी अर्धशिशी असते. डोक्याला आणि चेहऱ्याला संवेदना देणाऱ्या मज्जातंतूचे धागे मेंदूच्या तळाच्या रक्तवाहिन्यांपर्यंत जातात. अर्धशिशीत त्यांच्यातून दाह निर्माण करणारी द्रव्यं पाझरतात. तिसरा मज्जातंतू मेंदूतून बाहेर पडताच नेमका दोन रोहिण्यांच्या मधून जातो. ती द्रव्यं त्याच्यापर्यंत पोचत असतील, त्याचं रक्षण करणारा पडदा सैल करत असतील आणि त्याला सूज आणत असतील. त्या मज्जातंतूला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या आवळल्या जाऊन त्याची उपासमार होते, असंही काहींना वाटतं. सगळ्या मुलांत एकच कारण असेल, असं मला वाटत नाही. थोड्या मुलांत तर पुढे त्याच मज्जातंतूवर लहानशी साधी गाठ सापडली आहे, म्हणून चमक ओसरली की नाही हे पाहणारा नंतरचा एमआरआय चुकवू नका. क्ष-किरण तपासणीसारखा किरणोत्सर्ग त्यात नसतो.

आता तुमच्या मनातल्या कारणांविषयी. मोबाइल जास्त पाहिला, उन्हात खेळला, चष्मा वेळेवर लावला नाही, गरोदरपणात ग्रहण पाळलं नाही, कोणाची दृष्ट लागली. आया हे सगळं स्वतःच्या माथी घेतात आणि घरातली माणसं कधी शब्दांनी, कधी नजरेनं त्यात भर घालतात. जागरण, उपाशी पोट, ऊन यांनी साधी अर्धशिशी उठते हे खरं. पण मोबाइलमुळे किंवा उन्हामुळे तिसरा मज्जातंतू सुजत नाही. हे तुमच्या हातून झालेलं नाही. आजीला मीठ-मोहऱ्या ओवाळायच्या असतील तर ओवाळू द्या, मात्र त्यापायी रुग्णालयात जायला उशीर नको.

तुमच्या हातात जे आहे ते फार मोलाचं आहे. दर झटक्यात रोज एकाच उजेडात चेहऱ्याचा फोटो काढा. मुलाला मान स्थिर ठेवून वर, खाली, डावीउजवीकडे बघायला सांगा आणि व्हिडिओ घ्या. डोकं कधी दुखायला लागलं, पापणी कधी पडली, आधी सर्दीताप होता का, घरात कोणाला अर्धशिशी आहे, हे वहीत लिहा. एमआरआयचा नुसता अहवाल नको, चित्रंही जपून ठेवा. पुढच्या वेळी तुलना त्यांच्याशीच करायची असते.

औषधांत स्टिरॉइडनं काही मुलांचा झटका लवकर आवरतो, सगळ्यांचा नाही. सुरू केलं असेल तर मनानं एकदम बंद करू नका. मोठ्यांची डोकेदुखीची गोळी अर्धी करून देऊ नका. ताप असलेल्या मुलात ॲस्पिरिन जिवावर बेतू शकतं. पापणीनं बाहुली झाकली गेली असेल, तर लहान मुलाच्या त्या डोळ्याची नजर मंद राहण्याचा धोका असतो, म्हणून नेत्रतज्ज्ञांच्या फेऱ्या चालू ठेवा. दोन-दोन दिसत असताना जिना, सायकल, रस्ता यांवर लक्ष हवं. शाळेत बाईंना आधीच सांगून ठेवा.

बहुतेक मुलांचा डोळा पुन्हा सरळ होतो. फार झटके आले तर थोडा तिरळेपणा किंवा मोठी बाहुली मागे राहू शकते. आणि निदान पक्कं झाल्यावरही एखाद्या वेळी सोबत ताप आला, मान ताठरली, मूल झोपाळू झालं, किंवा यावेळी दुसराच डोळा अडला, तर ‘हे तर नेहमीचंच’ म्हणून घरी थांबू नका. तो झटका पहिलाच समजा आणि सगळ्या तपासण्या नव्यानं करायला सांगा.