मिशांचा काळा रंग आणि धुण्याचा सोडा

गेल्या लग्नसराईत नवलाख उंबरे गावातले एक आबा तोंडावर उपरणे धरून दवाखान्यात आले. वय ६८. उपरणे बाजूला केल्यावर दिसले की वरचा ओठ सुजलेला, लाल, दोन ठिकाणी साल निघालेली, कपाळावर केसांच्या कडेने फोड. केस आणि मिशा मात्र धड काळ्या नाहीत, धड पांढऱ्या नाहीत, गंजलेल्या पत्र्यासारख्या.

हकीगत अशी. नातीच्या लग्नासाठी सलूनवाल्याने हौसेने त्यांचे केस आणि मिशा काळ्याभोर करून दिल्या. मांडवात जो तो विचारू लागला, "आबा, नवरदेव कोण?" लग्न पार पडले आणि आबांनी घरी फर्मान काढले, "माझे होते तसे पांढरे करून द्या." मुलाने कुठेतरी ऐकले होते की सोडा आणि लिंबाने रंग तुटतो. खायचा सोडा घरात नव्हता, म्हणून धुण्याचा घेतला. वर लिंबू पिळले, फेस आला. फेस आला म्हणजे रंग तुटतो आहे अशी त्याची खात्री झाली. डोक्याला प्लॅस्टिकची पिशवी बांधून अर्धा तास ठेवले. आग होत होती, पण आबा पडले सोसणारे.

तो फेस म्हणजे लिंबातले आम्ल आणि सोडा यांची आपसातली झटापट. त्यातून निघणारा वायू सोडावॉटरमध्ये असतो तोच. रंगाचा त्याच्याशी काही संबंध नाही. लिंबू संपले की उरतो निव्वळ सोडा, आणि धुण्याचा सोडा चांगलाच दाहक क्षार आहे. ओठाची कातडी नाजूक, तिने आधी मान टाकली.

असे रुग्ण वर्षातून चार-पाच तरी येतात. कुणी मुलाखतीआधी लाल-जांभळा रंग काढू पाहणारी एमआयडीसीतली मुले, कुणी फार काळे झाले म्हणून धास्तावलेल्या ताई. प्रत्येकाची समजूत एकच असते : भिंतीवरचा चुना खरवडला की खालची भिंत दिसते, तसा वरचा रंग काढला की खाली आपला मूळ रंग शाबूत असणार. ही समजूत चुकीची आहे, आणि सगळे नुकसान तिच्यातूनच होते.

केस सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर त्याच्यावर कौलांसारखे एकावर एक पापुद्रे दिसतात. आपल्या मावळातल्या घराचे छप्पर डोळ्यांपुढे आणा. या कौलांच्या आत केसाचा गाभा, आणि गाभ्यात मेलॅनिन नावाचे रंगद्रव्य. त्यानेच केस काळा दिसतो. पाकिटातल्या पक्क्या रंगात अमोनिया किंवा तशाच जातीचा क्षार असतो, तो ही कौले उचलतो. बरोबरच्या बाटलीतले हायड्रोजन पेरॉक्साइड आत शिरून मूळ मेलॅनिनचा काही भाग नष्ट करते, आणि त्याच वेळी पॅराफेनिलीन डायअमिनसारख्या रसायनांचे लहान कण आत शिरून एकमेकांना जोडले जातात. जोडून ते इतके मोठे होतात की कौलांच्या फटीतून बाहेर येत नाहीत. म्हणून रंग पक्का. १९०७ साली यूजीन श्यूलर या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने असा रंग बाजारात आणला, तेव्हापासून मूळ युक्ती फारशी बदललेली नाही.

म्हणजे पंचविशीतल्या मुलाने केस लाल केले असतील, तर त्याचा मूळ काळा रंग काही अंशी जळून गेलेला असतो. उद्या लाल रंग पूर्ण काढता आला, तरी खाली निघेल तपकिरी किंवा पिवळट केस. आबांचे उलटे. त्यांच्या केसांत मेलॅनिन उरलेच नव्हते, त्यामुळे जळायलाही काही नव्हते. पण आत अडकलेला काळा रंग पूर्ण निघत नाही, अर्धवट निघतो आणि तांबूस दिसतो. दोघांनाही घरच्या घरी 'होते तसे' मिळत नाही.

आता ज्या उपायांबद्दल मला विचारले जाते त्यांच्याविषयी. लिंबू लावून उन्हात बसणे नको. लिंबाचा रस लागलेल्या कातडीवर ऊन पडले की काळे चट्टे उठतात आणि ते महिनोन् महिने जात नाहीत. मेडिकलमधून पेरॉक्साइडची बाटली आणून डोक्यावर ओतणे नकोच. विशेषतः धातूचे क्षार मिसळलेली मेंदी किंवा हळूहळू काळा करणारा रंग आधी लावलेला असेल तर पेरॉक्साइडने केस अक्षरशः तापतात आणि तुटतात. पाकिटावर सगळे लिहिलेले असतेच असे नाही. रॉकेल, नेलपॉलिश काढायचे द्रव, भांड्यांची पावडर हे लावून आलेले रुग्णही मी पाहिले आहेत. त्यावर काही लिहिण्याची गरज नसावी.

'क' जीवनसत्त्वाच्या गोळ्या कुटून शाम्पूत कालवून लावतात, त्यात थोडे तथ्य आहे. रंग लावून दोन-तीन दिवसच झाले असतील तर जोडलेले कण काहीसे सुटतात आणि रंग एखादी छटा उतरतो. पण डोक्यावर ओरखडे असतील तर झोंबते. आणि चघळायच्या नारिंगी गोळ्या घेऊ नयेत, त्यांत साखर आणि आणखी एक रंग असतो. शहरातल्या ब्यूटी पार्लरमध्ये रंग काढायचे तयार द्रावण वापरतात, त्याचेही तत्त्व असेच. ते पुष्कळ पाण्याने धुतले नाही तर सुटलेले कण पुन्हा जोडले जाऊन केस परत काळे होतात. साधी मेंदी मात्र केसातल्या केराटिनलाच चिकटते. तिला तेलाने थोडी फिकी करता येईल, काढता येणार नाही.

मी सांगतो तो उपाय कंटाळवाणा आहे. रात्री खोबरेल, सकाळी साधा शाम्पू, एक दिवसाआड, तीन-चार आठवडे. वरवरचा, काही धुण्यांत जाणारा रंग असेल तर एवढ्याने बराचसा जातो. पक्का असेल तर भडकपणा कमी होतो. कपाळावर, कानावर लागलेला डाग कापसाने तेल लावून पुसावा, घासू नये. बाकीचे काम केसांच्या मुळांवर सोपवावे. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो आणि येतो तो तुमच्या खऱ्या रंगाचा. आखूड केसांच्या पुरुषाचे काम तीन-चार महिन्यांत होते. लांब केसांच्या बाईला वर्ष-दोन वर्षे लागतात, हे खरे. पण केस निर्जीव आहे आणि डोक्याची कातडी सजीव, तेव्हा कोणाला जपायचे ते ठरवावे.

डोके खाजते, पापण्या सुजतात म्हणून 'रंग काढून द्या' असे कोणी म्हणाले तर गोष्ट वेगळी. ती रंगाची ॲलर्जी. सहसा एक ते तीन दिवसांत दिसते. डोके भरपूर पाण्याने धुवावे आणि डॉक्टरकडे जावे; केसात मुरून पक्का झालेला रंग फारसा त्रास देत नाही, कातडीवर राहिलेला कच्चा देतो. दुकानातून मनाने स्टेरॉइडचे मलम आणून चेहऱ्यावर चोळू नये. अशा माणसाने तो रंग आणि हातावर काढायची काळी मेंदी जन्मभर टाळावी. श्वास घेताना त्रास होऊ लागला तर १०८ नंबरची गाडी बोलवावी. मिसळलेला रंग लहान मुलाच्या पोटात गेला तरीही तेच. घसा सुजतो, मूत्रपिंडे बंद पडू शकतात, आणि त्यावर उतारा असे औषध नाही. म्हणून उरलेला रंग वाटीत ठेवू नये.

आबांना मी म्हणालो, "सोपा उपाय आहे, मिशा काढून टाका. दोन महिन्यांत पांढऱ्या येतील." ते ताडकन म्हणाले, "मिशी काढायला घरात कोण गेलंय का, डॉक्टर?" माझीच चूक. मग कात्रीने बारीक केल्या. ओठ दहा दिवसांत भरून आला. पुढचे दोन महिने ते मुळाशी पांढरी आणि टोकाला तांबडी अशी मिशी घेऊन पारावर बसत होते. आता पूर्ण पांढरी आहे.

धाकट्या नातीचे लग्न ठरते आहे. आबा या वेळी रंग लावणार नाहीत म्हणतात, पण मुलगा लावणार आहे. त्याला सांगितले आहे, की पाकिटातला रंग आधी कोपराच्या खळीत थेंबभर लावायचा, ४८ तास तसाच ठेवायचा, आणि तिथे लाली किंवा खाज आली तर पाकीट परत करायचे.