तात्यांस साजेसे शुभेच्छापत्र

प्रश्न : आमच्या घरी वडिलांना ‘तात्या’ व आजीला ‘जिजी’ म्हणतात, दुकानातील शुभेच्छापत्रांवर मात्र ‘बाबा’ आणि ‘आजी’च. काय करावे?

उत्तर : ज्या संबोधनाने साऱ्या घराने आजवर हाक मारली, ते बाजूस सारून छापील ‘बाबा’ तात्यांच्या हाती देणे मला कदापि उचित वाटत नाही, यास्तव आतील पृष्ठ सर्वस्वी कोरे असलेले जाड हातकागदाचे पत्र निवडून, पत्रव्यवहाराच्या जुन्या रिवाजानुसार ‘तीर्थरूप तात्यांचे सेवेशी, शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष’ असा मायना स्वहस्ते घालावा आणि मगच मजकुरास आरंभ करावा. शाई आधी त्याच कागदाच्या तुकड्यावर पारखावी, कारण खळ कमी असल्यास ती फुटते. जिजीसाठी अक्षर टपोरे असावे, आणि नातवंडांची नावे वयाच्या क्रमाने, एकही न गाळता.